परतीच्या तिकिटाचं कोण विचारणार?

सोलापुरात जगाची चर्चा होत नाही असं कुणी म्हणू नये. कंबर तलावावर फिरायला येणाऱ्यांपासून कन्ना चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत ती रोज होते. अमेरिका, इराण, युक्रेन, बांगलादेश यांतलं काहीच सुटत नाही. 'काय बे, काय म्हणतंय तुझं ट्रंप?' इथून सुरू झालेलं बोलणं दहा मिनिटांत दोन वाक्यांवर येऊन थांबतं. पहिलं वाक्य असतं, 'आपली पोरं सगळी पुण्याला गेली, गावात राहिलंय कोण?' आणि दुसरं, 'बाहेरचे येऊन बसलेत, आपल्या पोरांना काम कुठून मिळणार?' एकच माणूस ही दोन्ही वाक्यं एकाच कपात बोलतो. पुण्यातल्या एखाद्या टपरीवर तो स्वतःच्या पोराला 'बाहेरचा' म्हणून मोजत असेल, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

यावर पुढारी मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: आपण सगळेच बाहेरचे. ते खोटं नाही. १८७७ मध्ये इथं 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, मागोमाग दुसऱ्या गिरण्या आल्या. त्याआधी आणि नंतरही निजामाच्या मुलखातून तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर इकडे येतच राहिले. नारळी पौर्णिमेला त्यांच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तो त्या येण्याचा पुरावा आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची वचनं कन्नड आहेत, आणि बाजारात भाव मराठीत फुटला तरी घासाघीस तेलुगूत किंवा दखनीत होते. इथून बाहेर गेलेल्यांत डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. भैय्या चौकातून जाताना त्यांचं स्मारक दिसतं.

पण 'आपण सगळेच बाहेरचे' या वाक्यानं चर्चा पुढे सरकत नाही, तिथंच मिटते. ज्याचा जॉब आठवड्यात सहाऐवजी चार दिवसांवर आला त्याला आजोबांच्या स्थलांतराचा इतिहास ऐकवून काय मिळणार? त्याची भीती खरी आहे, फक्त तिचा पत्ता चुकलेला आहे. माझं म्हणणं एवढंच, की स्थलांतरावर बोलताना माणसाची जात, भाषा, देश बाजूला ठेवून आधी व्यवहार विचारावा. कुणाच्या पैशानं गेला, कुठल्या कागदावर गेला, बुडालं तर कुणाचं बुडणार, आणि परतीचं तिकीट कुणी काढायचं? टपरीवर उधारी नीट लक्षात ठेवणाऱ्या गावाला हे प्रश्न अवघड जाऊ नयेत.

सुरुवात शब्दांपासून करावी लागेल, कारण कट्ट्यावर चार वेगळी माणसं एकाच टोपलीत टाकली जातात. पोटासाठी किंवा शिक्षणासाठी गेलेला स्थलांतरित. जीव वाचवायला सरहद्द ओलांडलेला निर्वासित. जीव वाचवायलाच निघालेला पण स्वतःच्या देशातच अडकलेला विस्थापित. आणि कागद नसताना दुसऱ्या देशात राहिलेला, ज्याला आपण सरसकट घुसखोर म्हणून मोकळे होतो. या चौथ्यातही दोन प्रकार आहेत. एक चोरवाटेनं आत गेलेला आणि दुसरा विमानानं, व्हिसा घेऊन रीतसर गेलेला, पण मुदत संपल्यावर परत न आलेला. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. त्या दिवशी ज्यांना त्यांची दया आली, त्यांनीच आदल्या आठवड्यात दुसऱ्या कुणासाठी कोणता शब्द वापरला होता, हे आठवून पाहावं.

आकड्यांचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं ३० कोटी ४० लाख होती. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण जगाच्या लोकसंख्येत तो शंभरात चारसुद्धा नाही. २०२४ अखेर युद्ध-छळामुळे घर सोडावं लागलेले १२ कोटी ३२ लाख, आणि त्यांतले सात कोटींहून जास्त आपापल्या देशाची हद्द ओलांडूच शकलेले नाहीत. जे ओलांडतात ते बहुतेक शेजारच्याच गरीब किंवा मध्यम देशात अडकतात. आपल्याकडे १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले होते, आणि निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताची सही तेव्हाही नव्हती, आजही नाही. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत देशातल्या देशात जागा बदललेली माणसं ४५ कोटींवर निघाली. त्यांत दोन तृतीयांशांहून जास्त बायका, आणि सगळ्यांत मोठं कारण लग्न. म्हणजे 'आमच्या घरात कुणी स्थलांतरित नाही' म्हणणाऱ्याला चहा करून देणारी सून अक्कलकोटहून किंवा इंडीहून आलेलीच असते.

आता जगाच्या घडामोडींचं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के जादा कर लावला, तेव्हा इथल्या बहुतेक गप्पा 'त्याला धडा शिकवला पाहिजे' या चालीवर चालल्या होत्या. कर नेमका कोण भरतो, हे शंभरातल्या नव्वदांना चुकीचं माहीत होतं. आपला कारखानदार भरतो, असा समज. तो भरत नाही. अमेरिकेच्या बंदरावर माल सोडवून घेणारा तिथला आयातदार भरतो. मग आपल्याला काय फरक पडतो, असं विचारणारेही होते. पडतो, आणि तो इथं विणला जाणारा टॉवेल हातात घेऊन दाखवता येतो.

सत्तर सेंटिमीटर रुंद, एकशे चाळीस लांब असा एक अंघोळीचा टेरी टॉवेल घ्या. मालाची जाडी चौरस मीटरला ४५० ग्रॅम, म्हणजे एका नगाचं वजन झालं साधारण ४४० ग्रॅम. किंमत समजुतीपुरती तीन डॉलर धरू. सुती टेरी टॉवेलवर अमेरिकेत मुळातच ९.१ टक्के आयातकर आहे. म्हणजे २७ सेंट, आणि आयातदाराला टॉवेल पडतो ३ डॉलर २७ सेंटला. त्यावर तेव्हाचे ५० टक्के चढले की कराचे झाले १ डॉलर ७७ सेंट, आणि तोच टॉवेल पडतो ४ डॉलर ७७ सेंटला. दुकानातली किंमत एका रात्रीत दीड डॉलरनं वाढवली तर गिऱ्हाईक पाठ फिरवतं. म्हणून आयातदार सोलापूरला मेल टाकतो, की नगामागे ३० सेंट कमी करा, नाहीतर ऑर्डर थांबवतो. वीस हजार नगांची ऑर्डर असेल तर ३० सेंटचे होतात सहा हजार डॉलर. त्या वेळच्या भावानं सव्वापाच लाख रुपये.

हे सव्वापाच लाख कुठून काढायचे? त्या ऑर्डरला पावणेनऊ टनांच्या वर सूत लागतं, ते सूतगिरणीच्या भावानंच घ्यावं लागतं. विजेचं बिल कमी होत नाही. बँकेचं व्याज उलट वाढतं, कारण माल गोदामात पडून राहतो. राहता राहिली मजुरी. दर थेट कापले तर बोंब होते, म्हणून पाळ्या कापल्या जातात. आधी नगावर काम करणाऱ्या शिलाई-पॅकिंगच्या बायकांना 'सोमवारी बघू' म्हणतात, मग सुताच्या कांड्या भरणाऱ्यांना, शेवटी लूमवरच्या कामगाराला. वॉशिंग्टनमधला निर्णय अक्कलकोट रोड एमआयडीसीत या क्रमानं उतरतो. आणि पाळी गेलेला माणूस दोन महिन्यांनी पुण्याची गाडी पकडतो किंवा आखाताच्या एजंटाकडे जातो. जगाच्या घडामोडी आणि स्थलांतर हे दोन विषय नाहीत, असं यासाठी म्हणायचं.

लाल समुद्राचंही तेच झालं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. वाट दहा ते चौदा दिवसांनी लांबली. 'जहाज जरा उशिरा पोचेल, त्यात काय' असं वाटतं. पण माल पोचल्यावर पैसे, असा सौदा असेल तर ते दोन आठवडे कारखानदाराची रक्कम पाण्यावर तरंगते, आणि त्या काळातलं व्याज जहाजवाला देत नाही.

आता बाहेर जाणाऱ्याची वाट. इथं अज्ञानाची किंमत थेट घरातल्या दागिन्यांनी मोजावी लागते, म्हणून जरा थांबून सांगतो.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक, असा शेरा असतो. सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, अमिराती, मलेशिया, थायलंड धरून अठरा देशांत असा माणूस नोकरीला निघाला तर त्याला परदेश मंत्रालयाच्या प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. लोकांना हा शेरा अपमान वाटतो, एजंट तो 'काढून देतो' म्हणून पैसे घेतो. खरं तर तो शेरा म्हणजे संरक्षण आहे. मंजुरीच्या वाटेनं गेलं की करार नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. ही वाट टाळण्याची ठरलेली युक्ती म्हणजे व्हिजिट व्हिसा. 'आधी जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो.' तिथं गेल्यावर मुदत संपते, माणूस बेकायदा ठरतो आणि तक्रार करायला गेला तर आधी दंड त्यालाच होतो.

एजंटाची फी किती, हा प्रश्न दहा घरांत विचारला तर दहा उत्तरं येतील. कायद्यानं उत्तर एकच आहे: जास्तीत जास्त ३० हजार, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ हजार ४००. तेही नोंदणीकृत एजंटानं, पावती देऊन घ्यायचे. त्याचा परवाना खरा आहे की नाही हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाच मिनिटांत पाहता येतं. परवाना मुंबईच्या कचेरीचा असतो आणि पैसे गल्लीतला 'आपला माणूस' घेतो, गफलत इथं होते. त्या आपल्या माणसाला कायद्यात जागाच नाही, म्हणून तो पावतीही देत नाही.

समजा त्यानं एक लाख वीस हजार मागितले आणि घरानं ते शेकडा तीन व्याजानं उचलले. महिन्याला व्याज ३,६००. सौदीत पगार बाराशे रियाल ठरला. जेवण स्वतःचं असेल तर तीनशे रियाल त्यात गेले, फोन आणि किरकोळ पन्नास. उरले साडेआठशे, म्हणजे २३ रुपयांच्या भावानं साडेएकोणीस हजार. व्याज वजा करून घरी उरले सोळा हजारांच्या आत, आणि मुद्दल अजून तसंच उभं आहे. हाच माणूस ३५ हजार ४०० देऊन गेला असता तर व्याज हजाराच्या थोडंच वर बसलं असतं. म्हणजे वर्षाला तीस हजारांचा फरक केवळ कट्ट्यावर कुणी फी विचारली नाही म्हणून. करारात जेवण कुणाचं, राहणं कुणाचं, तास किती आणि मुदत संपल्यावर परतीचं तिकीट कुणाचं, हे चार रकाने आहेत. ते अरबी-इंग्रजीत असतात म्हणून वाचायचे राहतात. विमानतळावर वेगळाच कागद हातात ठेवला तर घरी ठेवलेली पहिल्या कराराची प्रत हाच पुरावा, म्हणून ती प्रत सूटकेसमध्ये नाही, आईजवळ ठेवायची.

शिकलेल्या पोरांनाही हे लागू आहे. म्यानमार-कंबोडियातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेले काही दहावी नापास नव्हते. संगणकावर काम, डॉलरमध्ये पगार, मुलाखत फोनवरच, आणि तिकीट थायलंडचं. पर्यटक म्हणून उतरायचं, पुढे गाडीनं सरहद्द पार. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं. जर्मनीची गोष्ट वेगळी आहे, ती वाट रीतसर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पण 'जर्मनीत नर्स पाहिजेत' एवढंच ऐकून नाचू नये. नर्सला तिथं पुरती मान्यता मिळायची तर साधारण बी-२, म्हणजे सहा पायऱ्यांपैकी चौथ्या पातळीची जर्मन लागते आणि शून्यापासून तिथं पोचायला रोज अभ्यास करूनही वर्ष जातं. ते वर्ष घर कोण चालवणार, हा खरा प्रश्न.

येणाऱ्यांबद्दल थोडक्यात. परप्रांतीय कमी मजुरीत काम करतो म्हणून आपला दर पडतो, ही तक्रार ऐकून घेण्याजोगी आहे. मात्र दर तो ठरवत नाही. किमान वेतन कामाला असतं, कामगाराच्या गावाला नाही. त्याहून कमी देणारा इथलाच असतो, त्याचं नाव घ्यायला जीभ अडखळते, कारण तोच मंडळाला वर्गणी देतो. दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, आणि ती फिटेपर्यंत हालता येत नाही. आखातातल्या आपल्या माणसाचा पासपोर्ट मालकानं काढून घेतला की आपण चिडतो. उचल आणि पासपोर्ट यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

हे सगळं बोलायचं कुठे? व्याख्यानमालेत नको. तिथं पाहुणा पुण्याहून येतो, दीड तास 'बदलत्या जागतिक समीकरणां'वर बोलतो आणि प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं उरतात. त्यापेक्षा वाचनालयाची खोली, मंडळाचं कार्यालय किंवा विडी घरकुलातलं समाजमंदिर पुरेल. माणसं पंधरा ते वीस. त्याच्या वर गेली की बोलणारे चारच उरतात आणि ते निवृत्त असतात. वेळ दीड तास, विषय एकच आणि तो प्रश्नाच्या रूपात. 'पश्चिम आशियातला संघर्ष' हा विषय नाही. 'आखातात लढाई पेटली तर आपल्या वॉर्डातल्या किती घरांचे पैसे थांबतील?' हा विषय आहे.

पहिली वीस मिनिटं एक कागद सगळ्यांनी मिळून वाचायची: कधी नोकरीचा करार, कधी वीजबिल, कधी निर्यातीच्या ऑर्डरचा मेल, नाव झाकून. मग ज्याच्या घरातलं कुणी गेलंय किंवा परत आलंय त्यानं आधी बोलायचं, ज्यानं फक्त व्हिडिओ पाहिलाय त्यानं शेवटी. फोनवरचा व्हिडिओ दाखवायचाच असेल तर तो कुठला, कधीचा, मूळ कुणी टाकला, ही तीन उत्तरं दाखवणाऱ्यानं द्यायची. ती नसतील तर फोन खिशात. भाषेची सक्ती केली की अर्धी खोली गप्प होते. बाईनं तेलुगूत सांगितलं तर शेजारचीनं मराठीत करून सांगावं, त्यात दोन मिनिटं जातील, जाऊ देत. वेळही तिच्या सोयीची हवी. विडी वळणारीची हजाराची मोजणी आणि पानं भिजवणं सांभाळून, संध्याकाळचा स्वयंपाक लागायच्या आत. बायका आल्या नाहीत तर ही चर्चा पोकळ राहते, कारण गेलेल्याचे पैसे हातात घेणारी, व्याज फेडणारी आणि एजंटाच्या दारात उभी राहणारी तीच असते.

हे बिघडतं कसं, तेही ठरलेलं आहे. निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी झेंडा आणतो, म्हणून ते दोन महिने सुट्टी घेतलेली बरी. दुसरा धोका माणूस दाखवून देण्याचा. 'अमक्या गल्लीत कागद नसलेले राहतात' असं बोलणं सुरू झालं की थांबवायचं. कागद तपासणं हे सरकारचं काम, दीड तास बसलेल्या वीस जणांचं नव्हे. आणि तिसरा, उत्साहानं ठराव करण्याचा. सोलापूरच्या वीस जणांनी संयुक्त राष्ट्रांना उद्देशून ठराव केला तर तो वाचणार कोण? त्याऐवजी बैठक संपताना फळ्यावर एवढं लिहून ठेवावं: आज कळलेली रक्कम, पुढच्या वेळी आणायचा कागद आणि तो आणणाऱ्याचं नाव.

'आपल्या बोलण्यानं ट्रंपला काय फरक पडणार?' हा टोमणा येईलच. नाहीच पडणार. पण एजंटाला किती द्यायचे, लूम गहाण टाकून नवा माल उचलायचा की ऑर्डरची वाट पाहायची, खोली भाड्यानं मागायला आलेल्या बिहारच्या पोराला नाव विचारून परत पाठवायचं की नाही, हे निर्णय वॉशिंग्टनला होत नाहीत, साखर पेठेत आणि दत्तनगरात होतात.

भिंतीवर नकाशा मात्र जगाचा लावावा, आणि तो शाळेच्या दुकानात मिळतो तो मोठा, आफ्रिकेचं खालचं टोक ठळक दिसेल असा. मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरापासून युरोपातल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत एक दोरा सुएझमधून आणि एक त्या टोकाला वळसा घालून लावला, की दोन्ही दोरे काढून शेजारी धरायचे. कुठला किती लांब, ते विणकराला सांगावं लागत नाही.